चॉकलेटचे मासे

मी हे लिहायला बसलो याची आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे रेशन कार्डाचा अर्ज, नाहीतर शाळेच्या कागदावर वडिलांची सही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण तेवढ्यावरून मी घरातलं काही लिहायला घ्यावं, हे मलाच पटत नाही. ही गोष्ट मी दोनदा तोंडानं सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यात थांबलो. लिहिताना निदान समोरून कोणी बघत नसतं.

गोष्ट माझ्या आत्याची आहे. वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून ती बदलापूरला, बेलवलीत आमच्याकडे आली, तेव्हा मी लहान होतो. तिची मुलगी सहा वर्षांची होती. दोन्हीकडची माणसं विहारात बसली आणि ठरलं, की मुलगी बापाकडे राहील आणि आत्या त्या दाराशी जाणार नाही. आत्यानं मान हलवली. का हलवली, ते मी कधी विचारलं नाही. पुढे तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं.

आत्या वडिलांसारखीच आनंदनगरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची. आधी काही वर्षं ती उल्हासनगरला एका सिंधी बाईंकडे पोळ्या करायला जात होती. त्या बाई घरी चॉकलेटं बनवून लग्नाच्या आणि दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या. पोळ्या झाल्या की आत्या त्यांच्या ओट्याशी उभी राहून बघायची. बघून बघून शिकली. बाईंनी तिला एकच गोष्ट दहा वेळा बजावली होती, ती आत्या त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची, "पानी का एक बूंद भी नहीं, समझी? एक बूंद गया तो सब माल गया."

चॉकलेटचं तसंच असतं. खाली पातेल्यात पाणी गरम करायचं, वर दुसऱ्या भांड्यात चॉकलेटच्या लादीचे, स्लॅबचे, तुकडे वितळवायचे. त्यात वाफेचा एक थेंब पडला तरी गुळगुळीत चॉकलेट चिखलासारखं घट्ट होतं, मग ते साच्यात ओतता येत नाही. म्हणून आत्या कपाळाला ओढणी बांधायची, घाम पडू नये म्हणून. साचे दोनदा पुसायची. आम्ही कोणी ओल्या हातानं स्वयंपाकघरात शिरलो की ओरडायची. आमचा फ्रीज जुना, त्यात लोडशेडिंग. लाइट कधी जाते, कधी येते याचं वेळापत्रक तिला पाठ होतं आणि त्याच्या मधल्या वेळात ती साचे फ्रीजमध्ये घालायची.

हे सगळं वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी. मुलीच्या वाढदिवसाला. आत्यानं त्या दाराशी जायचं नव्हतं, पण डबा जाऊ नये असं कोणी म्हटलं नव्हतं.

आत्याचं सासर उल्हासनगरला; मी अकरावीत तिथल्या कॉलेजात गेलो, तेव्हापासून डबे सुरू झाले आणि ते न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी तिच्याकडे न्यायला माणूसच नव्हता. वडिलांनी त्या घराचं नाव टाकलं होतं.

"भाचेबुवा, आता तुम्ही कॉलेजवाले," आत्या म्हणाली. "रस्त्यातच आहे तुमच्या."

"रस्त्यात नाहीये. अर्धा तास चालावं लागतं."

"मग चाला. पोट कमी होईल."

माझं पोट तेव्हा पाठीला लागलेलं होतं. ती हसली आणि माझ्या तोंडात एक चॉकलेट घातलं. तिला स्वतःला शुगर होती. आपण केलेलं चॉकलेट तिनं कधी चाखलं नाही. मी खाल्लं की ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग कळायचं तिला.

पहिल्या वर्षी मी डबा घेऊन गेलो. लोखंडी जाळीचं दार होतं. आत्याच्या सासूबाई बाहेर आल्या. मी म्हटलं, "जयभीम आजी. बदलापूरहून आलोय." त्यांनी डबा घेतला, मागे वळून एकदा आत पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी ट्युशनला गेलीय. जा तू." दार लागलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मला राग आला, पण त्यांचा आवाज इतका खाली का होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

घरी आलो तर आत्या कामावरून येऊन दारातच बसली होती.

"दिलास? तिच्या हातात?"

मी हो म्हणालो. पहिलं खोटं ते. तिचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

"उघडला तिनं? तुझ्यासमोर?"

"हो."

"पहिलं काय उचललं?"

डब्यात गुलाब होते, टेडी होते, पानं होती. आणि साच्याच्या एका कोपऱ्यात एकच मासा होता, साचा दोनदा भरला म्हणून दोनच मासे निघाले होते. खरं वाटावं म्हणून मी सगळ्यांत कमी असलेली वस्तू सांगितली. "मासा."

आत्या म्हणाली, "लहानपणी बोंबील बघितला तरी पळायची. आता मासा उचलते." आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

दुसऱ्या वर्षी तिनं माशांचा साचा शोधायला सुरुवात केली. त्या सिंधी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मछली? मछली हमारे यहाँ थाली में चलती है, चॉकलेट में नहीं चलती. हार्ट ले जा, रोज ले जा." आत्यानं ऐकलं नाही. दोन रविवार तिनं मला उल्हासनगरच्या बाजारात फिरवलं आणि एका केकच्या सामानाच्या दुकानात खालच्या खोक्यातून तो साचा निघाला. आठ मासे, प्रत्येकाच्या अंगावर खवले. दुकानदार म्हणाला, "ताई, ये पीस कोई नहीं लेता." आत्या म्हणाली, "म्हणूनच मिळाला."

त्या वर्षी डबाभर मासे गेले. निळ्या फॉइलमध्ये गुंडाळलेले. आजी पुन्हा एकट्याच दाराशी आल्या. "शाळेत गेलीय." मी घरी येऊन सांगितलं, की तिनं दोन मासे दोन्ही हातांत धरले. आत्यानं विचारलं, उंची केवढी झाली, मी खांद्याजवळ हात धरून दाखवला. केस? लांब. वेण्या? दोन. हे सगळं मी बनवत होतो आणि प्रत्येक वर्षी मला ते मागच्या वर्षीशी जुळवून घ्यावं लागत होतं. आत्याच्या मनात मात्र मुलगी सहा वर्षांचीच राहिली होती. माझा हात खांद्याजवळ असला तरी तिची नजर त्याच्या खाली कुठेतरी जायची.

एस.वाय.ला असताना मी चौथा डबा नेला. आजी घरी नव्हत्या. जाळीचं दार एका बाईनं उघडलं, ती नवी सून असावी. तिनं "सासूबाई येतील आता" म्हणून डबा घेतला आणि आत गेली. मी वळलो तर शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोणाकडे आलेलास?"

मी मुलीचं सांगितलं.

"ती इथं कुठं राहते? नाशिकला असते, तिच्या आत्याकडे. चार वर्षं झाली शाळेला तिकडेच घातलंय."

मी ओट्याजवळ उभाच राहिलो. चार वर्षं. म्हणजे मी पहिला डबा नेला तेव्हाही ती या घरात नव्हती. मग चार डबे गेले कुठे? घरातल्यांनी खाल्ले, दुसरं काय. मला तेच सरळ दिसलं.

परतताना मी ठरवलं, की आता खरं सांगायचं. मी तेव्हा कॉलेजात बरीच पुस्तकं वाचत होतो आणि खरं बोलणं ही मला फार मोठी गोष्ट वाटत होती. आत्याला वर्षानुवर्षं फसवतोय, तिचे कष्ट भलत्याच लोकांच्या पोटात जातायत, हे थांबवणं माझं काम आहे असं मला वाटलं. खोटं माझं होतं. पण ते मोडताना मोडणार कोण आहे, याचा विचार मी केला नाही.

आत्या ओट्याशी होती. उरलेला स्लॅब वितळवून चाळीतल्या मुलांसाठी चॉकलेटं करत होती. कपाळाला ओढणी बांधलेली.

"आलास? पहिलं काय उचललं?" तिनं न वळताच विचारलं.

"आत्या, मी तिला कधीच बघितलं नाही."

तिचा हात ढवळायचा थांबला.

"एकदाही नाही. ती तिथं राहतच नाही. नाशिकला असते. पहिल्यापासून. मी तुला सगळं खोटं सांगत होतो."

"आणि मासा?"

"तोही."

ती थोडा वेळ भांड्यात बघत राहिली. चॉकलेट छान वितळलं होतं, चमकत होतं. मग तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी सावकाश त्या चॉकलेटमध्ये ओतलं. सगळं. जिनं घामाचा थेंब पडू दिला नव्हता, तिनं. भांड्यात गोळे गोळे झाले. गॅस बंद केला, ओढणी सोडली, आणि म्हणाली, "भांडं मी घासते. तू जेवून घे."

माझ्यावर ती एका शब्दानं रागावली नाही. साचे धुऊन, पुसून, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून तिनं फळीवर ठेवले. मासे सगळ्यांत खाली. नंतर चाळीतल्या कोणी चॉकलेटं करून मागितली तरी म्हणायची, "माझा हात गेला आता." मे महिन्यात तिच्या पायाला जखम झाली, शुगरमुळे ती भरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या बऱ्याच दिवसांपासून बंद दिसतायत. आम्हाला माहीत नव्हतं. जुलैत आत्या गेली. तिच्या सासूबाई आल्या होत्या, मागे बायकांत बसून होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी कॉलेजच्या जिन्यात एका मुलीनं मला थांबवलं. अकरावीची होती, गळ्यात नवं ओळखपत्र. उंची माझ्या कानापर्यंत. केस आखूड.

"तुम्ही बदलापूरचे ना? मामांचा मुलगा? आजीनं सांगितलं, तुम्ही इथंच शिकता."

मी हो म्हणालो. मग तीच बोलायला लागली, जरा घाईनं, पाठ केल्यासारखं. डबे तुम्ही आणायचात, आजी सांगायची. पप्पांना कळू नये म्हणून ती डबा फ्रीजमध्ये भाजीच्या पिशवीमागे ठेवायची. मी मे महिन्यात सुट्टीला आले, की पप्पा ड्युटीवर गेल्यावर काढून द्यायची. तुझ्या आईनं पाठवलंय, म्हणायची.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे. त्यावर पांढरी पांढरी पूड असायची. मला वाटायचं, आई वरून साखर लावते."

फ्रीजमध्ये दोन-तीन महिने पडलेलं चॉकलेट पांढरं पडतं. हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही.

"मासे खूप असायचे," ती म्हणाली. "मला मासे खायला नाही आवडत. म्हणून ते मी शेवटी ठेवायचे, मग त्यांच्याशीच खेळत बसायचे."

"या वर्षीचा डबा?" मी विचारलं. खरं तर मला ते विचारायचं नव्हतं.

"मिळाला ना. मे महिन्यातच. आजीला म्हटलं होतं मी, की अकरावीला इथं आले की स्वतः जाऊन सांगेन तिला, मिळाले म्हणून."

मे महिन्यात आत्या घरीच होती, पाय उशीवर ठेवून, साच्यांच्या फळीखाली.