एमएच सत्तावीस आणि स्टेनोकाका

अमरावतीच्या कोर्टाबाहेर एक म्हातारा उभ्या गाडीच्या नंबर प्लेटकडे पाच-पाच मिनिटं टक लावून बघत असे. गाडीवाले त्याला आरटीओचा माणूस समजत. कुणी घाईघाईनं हेल्मेट चढवी, कुणी गाडी ढकलत कोपऱ्यापलीकडे नेई. काकांचं तिकडे लक्षही नसे. ते प्लेटवरच्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधत असत.

काका म्हणजे आमचे स्टेनोकाका. उभी नोकरी कोर्टात साक्षी उतरवून घेण्यात गेली आणि निवृत्तीनंतर कोर्टाच्या मागच्या फाटकाजवळच्या दिनूभाऊच्या टपरीवर त्यांनी स्वतःचं कोर्ट मांडलं. चहा हातात आल्यावर फाटकातून जी पहिली गाडी आत शिरेल, तिची अक्षरं त्या दिवशीची. "एम अन् एच सरकारनं फुकट दिले. बाकी दोन नशिबाचे," असं ते म्हणत. चारही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द सांगायचा, अक्षरं मागेपुढे झाली तरी चालतील. ज्याचा शब्द लांब, त्याला टपरीवरची चारही पाय शाबूत असलेली एकुलती एक खुर्ची. बाकीचे बाकावर.

पण शब्द सांगून भागत नसे. तो वाक्यात वापरून दाखवायचा, आणि वाक्य स्वतःबद्दल खरं असलं पाहिजे. "तीस वर्षं लोकाइचं खोटं उतरवलं. आता चहा पेताना तरी खरं आइकू द्या," ही त्यामागची भूमिका. सी आणि एन आले तेव्हा काकांनी 'मशीन' दिला. वाक्य : "माह्या बायकोची मशीन अजून घरी आहे. मले सुईत दोरा ओवता येत नाही." बी आणि एल आले तेव्हा मी 'हम्बल' म्हणालो आणि वाक्य केलं, "मी हम्बल आहे." दिनूभाऊ हसता हसता चहा सांडून बसला. काका शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, हा शब्द तुमच्यापाशी नाही. दुसरा आना."

असा वर्षभर बाकावर बसल्यावर माझी पाठ आणि इभ्रत एकदमच दुखू लागली. मग मला एक वेबसाइट सापडली. चार अक्षरं टाकली की शब्दांचा ढीग पुढ्यात. फाइलच्या आड मोबाइल धरून मी ए आणि आर टाकले आणि 'मेटामॉर्फोसिस' बाहेर काढला. "वकिली सुरू केल्यापासून माझ्या पोटाचं मेटामॉर्फोसिस झालंय." काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "मंजूर." खुर्ची माझी झाली. वाक्य खरं होतं, त्यामुळे माझा विवेक गाढ झोपला होता.

तीन महिने मी त्या खुर्चीत बसलो. काका बाकावर बसून भिजवलेले बदाम खाऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरले दाखवलं. त्यानं गोया देल्ल्या." ही गंमत आहे असं मी धरून चाललो. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "माहं डोकं बसलं, बाप्पा. एकट्यानं राहनं बरं नाही. अकोल्याले पोरगी बलावून राहिली. जातो." त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी काय केलं? शाल-श्रीफळाची व्यवस्था केली आणि निरोपाचं भाषणही मीच ठोकलं. त्यात त्यांच्या बुद्धीचा 'तल्लख' असा उल्लेख दोनदा होता.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबा गॅलरीत बसून गाड्या पाहतात, पण शब्द सांगत नाहीत. आता जमत नाही म्हनतात. तुमी एकदा येऊन जा ना."

गेलो. गाडी मूर्तिजापूरला रखडली तेव्हा उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. अकोल्यात काकांसमोर बसून सगळं सांगितलं. साक्ष ऐकावी तसं त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"किती दिवस?"

"तीन महिने."

"अन् मी इकडे बदाम खाऊन राहिलो."

आतून मुलगी म्हणाली, "दादा, जेवूनच जा."

"त्याले जेवाले देऊ नको," काका म्हणाले. "पयले माही बॅग काढ."

दुसऱ्या दिवशी ते टपरीवर हजर. मला शिक्षा अशी की खेळ संपेपर्यंत माझा मोबाइल दिनूभाऊच्या साखरेच्या डब्यात. दोन वर्षं माझ्या फोनला मुंग्या लागत होत्या. स्वतःचं डोकं वापरायची वेळ आली आणि ते अगदीच निकामी नाही असं हळूहळू लक्षात आलं. महिन्यातून एखादी खुर्चीही मिळे. काकांना ती प्रामाणिक हार चालायची. दुसऱ्या दिवशी ते ती वसूल करत.

मग काका खरोखरच विसरू लागले. मला एका जुन्या जजसाहेबांच्या नावानं हाक मारली. चहा पिऊन झाल्यावर चहा कुठे आहे म्हणून विचारलं. एके दिवशी डी आणि ई आले. ते म्हणाले, 'मेथड.' थोड्या वेळानं पुन्हा, 'मेथड.' मी म्हणालो, 'डिमॉलिश', आणि वाक्य दिलं, "काल उलटतपासणीत साक्षीदारानंच मला डिमॉलिश केलं." ते खरं होतं, कोर्ट साक्षीला आहे. काका हसले नाहीत. माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, खरं सांगा. मोबाइलच ना?"

माझा मोबाइल साखरेत होता. अर्ध्या तासापूर्वी काकांनीच स्वतःच्या हातानं तो डब्यात टाकला होता. दिनूभाऊ माझ्याकडे बघत राहिला.

"हो काका," मी म्हणालो. "दुसरा घेतलाय. खिशात आहे."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग बरोबर. मले वाटलं, माहंच डोकं..." आणि ते दिनूभाऊकडे वळले. "याले बाकावर बसव. सुधरत नाही हा मानूस."

त्यानंतर ते जेमतेम महिनाभर टपरीवर येऊ शकले. रोज सगळ्यांदेखत मला लबाड म्हणत, आणि रोज खुशीत घरी जात.