अकरा वेळा मेलेला चष्मेवाला

माझा मामा गेली नऊ वर्षं मरतोय. एकदा पाण्यात बुडून, दोनदा विष पिऊन, एकदा जिन्यावरून गडगडत, तीनदा म्हातारपणाने (वय वर्षं बेचाळीस), आणि उरलेल्या चार वेळा नुसताच, म्हणजे सिनेमा सुरू होतो तेव्हा तो आधीच मेलेला असतो. एकूण अकरा. एरवी त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि तब्येत ठणठणीत आहे.

आमच्या इथे सिनेमे करणारी एक टोळी आहे. तिचे म्होरके ड्रायव्हिंग स्कूलचे सर. त्यांना सगळे क्लचसर म्हणतात, कारण ते नटांनाही गाडीसारखंच शिकवतात. "हां, हळू... हळूहळू सोड भावना... एकदम सोडलीस तर बंद पडशील... आता दे, दे, दे... ब्रेक! अरे, ब्रेक म्हणतोय ना!" संकलन करणारा एरवी लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याला कापायची इतकी सवय झालीय की स्वतःचं एक वाक्यही तो पुरं होऊ देत नाही. "मी काय म्हणत होतो, त्या दुसऱ्या सीनमध्ये जर आपण... जाऊ दे." म्हणून त्याचं नाव कात्री. नायिका म्हणजे पार्लरवाली. ती मेकअप फक्त स्वतःचा करते, त्यामुळे तिच्या शेजारी उभा राहणारा प्रत्येक जण आजारी दिसतो.

सिनेमा तयार झाला की खेळ ड्रायव्हिंग स्कूलच्याच वरच्या हॉलमध्ये. रविवारी दुपारी चार म्हणजे चार, कारण सहाला तिथे कराटेचा क्लास असतो आणि कराटेवाल्या बाई कलेपुढे थांबत नाहीत. खिडक्यांना काळे कागद, भिंतीवर मामीची पांढरी चादर. चादरीच्या दोन्ही बाजूंना वाहतुकीच्या खुणांचे तक्ते स्क्रूने पक्के ठोकलेले आहेत, ते निघत नाहीत. त्यामुळे पडद्यावर कितीही गहिरं प्रेम चालू असलं तरी शेजारी 'येथे थांबू नये' हे असतंच.

मामाचा शोध क्लचसरांनीच लावला. ते नंबर काढायला दुकानात गेले होते. मामाने त्यांना वीस मिनिटं भिंगं बदलून बदलून विचारलं, "हे बरं की हे? आता बघा, हे... की हे?" आणि या वीस मिनिटांत त्याची पापणी एकदाही लवली नाही. सर घरी गेले आणि त्यांनी तडक पहिल्या सिनेमात एक खून घातला. तेव्हापासून टोळीत मामाला 'स्वर्गीय' म्हणतात. "काय स्वर्गीय, दुकान उघडलं का?" मामाला राग येत नाही. तो म्हणतो, "नुसता चष्मेवाला बरा की स्वर्गीय चष्मेवाला?"

हे 'बरं की' त्याच्या जिभेला चिकटलंय. चहा आधी बरा की नंतर, पंखा दोनवर बरा की तीनवर. मामी सांगते, लग्नाचं विचारतानासुद्धा तो म्हणाला होता, "एकटं बरं की दोघं?" मामीला वाटलं चष्म्याबद्दलच चाललंय, म्हणून ती दोघं म्हणाली.

मरायची त्याची एकच अट: पायात बूट हवेत. अगदीच नाही तर मोजे. बुडाला तेव्हाही तो मोज्यांसकट बुडाला. क्लचसर वैतागायचे, "अहो, हा माणूस झोपेत वारलाय! बूट घालून झोपला होता का?" मामा थंडपणे म्हणायचा, "बुटांसकट मेलेला बरा, की मी मरतच नाही ते बरं?" मग सरच बूट आणून द्यायचे.

त्याचं दुसरं खातं म्हणजे फोकस. प्रोजेक्टरला मामाशिवाय कुणी हात लावायचा नाही. माणूस भिंगांतला, त्यामुळे चादर किंचित जरी धूसर दिसली तरी तो लगेच भिंग फिरवायला लागतो.

आता आई. माझी आई म्हणजे मामाची ताई, आठ वर्षांनी मोठी. आजी कामावर जायची, त्यामुळे मामाला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत ओढत नेणं, सगळं आईनेच केलं. आणि या आईने मामाचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. "ज्याला कडेवर घेऊन माझी कंबर मोडली, त्याला मेलेला बघायला मी पावडर लावून जाऊ?" दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मामाने तिला फसवून नेलं होतं. म्हणाला, "ताई, मी यात डॉक्टर आहे." होताच डॉक्टर. पाचव्या मिनिटाला जिन्यावरून पडला. आई उठली, अख्ख्या रांगेच्या पायांवरून चालत बाहेर गेली आणि चार महिने त्याच्याशी बोलली नाही. दुकानावरून जायची वेळ आली तर पलीकडच्या फुटपाथने जायची, आणि तेही तोंड फिरवून.

मामाने हे कधी बोलून दाखवलं नाही. पण प्रत्येक खेळाला तो पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रुमाल टाकून अडवायचा. लोक विचारायचे, कुणासाठी? मामा म्हणायचा, "रुमालासाठी."

बाराव्या सिनेमात मात्र चमत्कार झाला. म्हाताऱ्या बापाचं काम करणाऱ्या बँकेतल्या साहेबांची ऐन वेळी बदली झाली आणि क्लचसरांनी मामाला चक्क जिवंत घेतलं. गोष्ट अशी: रुसून गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येते, दार वाजवते, आणि आतून पलंगावर पडलेला बाप म्हणतो, "दार उघडंच आहे, ये." की सिनेमा खलास.

मामा धापा टाकत आमच्याकडे आला. "ताई, जिवंत!"

"कोण?"

"मी!"

"ते दिसतंय. जिन्यात चपला काढ."

"अगं, सिनेमात! शेवटपर्यंत! शेवटी तर मी बोलतो!"

आईने डोळे बारीक केले. "बोलून झाल्यावर मरत नाहीस ना?"

"नाही. तुझी शपथ."

"माझी कशाला, मेल्या? स्वतःची घे." मग म्हणाली, "येईन मी. पण या वेळी मेलास, तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. चार महिने नाही, कायमचं."

मामा इतका खूश, की दुसऱ्याच दिवशी त्याने आईला दुकानात बसवून खास त्या रविवारसाठी नवा चष्मा करून दिला. आपला जिवंत भाऊ तिला लख्ख दिसायला हवा. "ताई, हे बरं की हे?"

"दोन्ही सारखंच."

"अगं, नीट बघ. हे... की हे?"

"दोन्ही सारखंच म्हटलं ना! दे कुठलाही."

मामाने त्या वाक्याची पंधरा दिवस तालीम केली. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "दार उघडंच आहे, ये." एक जण घाबरून परत गेला. शूटिंग मामाच्याच घरी, त्याच्याच पलंगावर. क्लचसर म्हणाले, "ॲक्शन!" आणि नऊ वर्षांची सवय! शब्द कानावर पडताच मामाची मान कलली, डोळे तारवटले, हात लोंबकळले.

"मामा, जिवंत! जिवंत! गिअर टाका!"

दुसऱ्यांदा तेच. दहाव्यांदा आवाज फुटला, पण विहिरीतून आल्यासारखा. विसाव्यांदा पार्लरवाली दाराबाहेर उभ्या उभ्या पेंगली. शेवटी मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, टॉवेल मागताना कसे कोकलता, तसं कोकला की!" बत्तिसाव्या वेळी तो कोकलला. पापणी लवली नाही, पण वाक्य पुरं झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण क्लचसर स्टेपनीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. प्रत्येक प्रसंगाचा एक जादाचा, वेगळा शॉट ते घेऊन ठेवतात, त्याला स्टेपनीच म्हणतात. "मामा, आडवे आहातच, तर एक मेलेला घेऊन टाकू. मुलगी आत येते, बाप गेलेला. लागत नाही कधी, नुसता डिकीत ठेवायचा." मामाने पायांकडे पाहिलं. मामीने नेमके त्याच दिवशी सगळे मोजे धुतले होते, गॅलरीत ओळीने ठिबकत होते. बूट शोधले, तर ते दारातल्या लाइटखाली कुठेतरी अडकलेले. "स्टेपनीच तर आहे," असं पुटपुटत मामा अनवाणी मेला. एका टेकमध्ये. इतका सुरेख मेला की पार्लरवाली खरोखरची रडली आणि तिचा मेकअप पहिल्यांदाच सगळ्यांसारखा झाला.

रविवार उजाडला. आई नवा चष्मा लावून आली, पहिल्या रांगेतला रुमाल उचलला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि बसली. शेजारच्या बाईंना सांगायला लागली. आईची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते. "माझा धाकटा भाऊ आहे यात. जिवंत. शेवटी येतो, बोलतो." मामा मागे प्रोजेक्टरपाशी, कॉलर ताठ करून उभा. मी त्याच्या बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर. चारला दोन मिनिटं असताना कात्री पेन ड्राइव्ह घेऊन धावत आला. सिनेमा सुरू झाला तसा तो मामाच्या कानाशी लागला.

"मामा, ते बत्तीसच्या बत्तीस टेक मी पाहिले... पण तुम्ही जिवंत असताना जरा... आणि मेल्यावर कसे एकदम... म्हणून मग सर म्हणाले, स्टेपनी..."

"स्टेपनी काय?"

"...जाऊ दे."

त्याची वाक्यं पुरी करायची मला सवय आहे. "मामा," मी म्हणाले, "तू मेलायस."

"आता?"

"शेवटी."

मामाचा चेहरा चादरीहून पांढरा झाला. त्याने प्रोजेक्टरच्या प्लगकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग आईच्या अंबाड्याकडे पाहिलं. पुढे आई शेजारणीला म्हणत होती, "येईलच आता. लहानपणापासून उशिरा येतो."

पडद्यावर पार्लरवाली जिना चढली. दारापाशी आली. टक, टक, टक. मामाचा हात भिंगावर गेला. दार ढकललं गेलं, पलंगाचा एक कोपरा दिसला, आणि सगळ्या चादरीवर धुकं पसरलं. पलंग कुठला, बाप कुठला, उशी कुठली, काही पत्ता नाही.

"फोकस! ए, फोकस!" लोक ओरडले. क्लचसर अंधारात ठेचकाळत आले, "मामा, वायपर! वायपर मारा!" मामा ढिम्म. तेवढ्यात चौथ्या रांगेतले एक गृहस्थ भारावून म्हणाले, "शांत राहा हो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलंय, त्यातून दिसतंय हे सगळं. काय कल्पना आहे!" लोक एकदम गप्प झाले. दोघा-तिघांनी तर माना डोलावल्या. आणखी अर्धं मिनिट, आणि मामा सुटला असता.

आईने चष्मा काढला. पदराने पुसला. लावला. पुन्हा काढला. "नंबरच चुकवलाय मेल्याने!"

"कुणी हो?" शेजारणीने विचारलं.

"याच्याच दुकानातला चष्मा, तीन आठवडे नाही झाले! आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं दिसतंय."

"अगं बाई, मीपण तिथेच टाकलाय!"

तिसऱ्या रांगेत एकाने आपला चष्मा काढून प्रोजेक्टरच्या उजेडात धरला. मग आणखी एकाने. माझ्या शेजारी मामाने बाह्या सारल्या. हा माणूस बुडाला होता, विष प्यायला होता, जिन्यावरून पडला होता, कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण नंबर चुकला?

"नंबर बरोबर आहे!" तो अंधारात गर्जला. "ताई, नंबर अगदी बरोबर आहे! आता बघ!"

आणि त्याने भिंग फिरवलं.

मामीच्या चादरीवर इतकं स्वच्छ चित्र कधी पडलं नव्हतं. चादरीचे धागे मोजून घ्यावेत. पलंगावर मामा, निवर्तलेला. त्याच्या छातीवर पार्लरवाली, हुंदके देतेय. आणि कॅमेऱ्याकडे, पहिल्या रांगेच्या थेट तोंडासमोर, मामाचे दोन अनवाणी तळवे, एकेक दरवाजाएवढा.

आई उठून उभी राहिली. मामाने नऊ वर्षांत पहिल्यांदा डोळे मिटले.

तिने हात लांब केला आणि बोट रोखलं. पडद्यावर मामाच्या डाव्या पायाचा अंगठा वर गेला. खाली आला. वर गेला. खाली आला.

"लबाड!" आई ओरडली. "अंगठा बघा, अंगठा! शाळेला जायचं नसलं की असाच पडायचा, डोळे पांढरे करून! अंगठा हलला की मी ओळखायचे, सोंग आहे! ऊठ रे, सव्वासात वाजले!"

पडद्यावर पार्लरवाली टाहो फोडत होती, "बाबा, एकदा तरी बोला हो माझ्याशी!"

"बोलेल, बोलेल," आई तिला म्हणाली. "शाळेची घंटा झाली की बोलेल."

उरलेला सिनेमा कुणाला ऐकूच आला नाही. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. चौथ्या रांगेतल्या गृहस्थांनी रुमाल तोंडात कोंबला होता. क्लचसर 'पुढे धोकादायक वळण आहे' या तक्त्याखाली डोकं धरून बसले होते. कात्री त्यांच्याजवळ गेला. "सर, तो अंगठा मी खरं तर..."

"जाऊ दे," सर म्हणाले.

दिवे लागले. आई मागे आली. मामा प्रोजेक्टरच्या आड उभा होता, दिसू नये म्हणून श्वास रोखून, म्हणजे ज्यात त्याचा हातखंडा आहे ते करत.

"तरीच," आई म्हणाली. "नऊ वर्षं ऐकतेय, पाण्यातसुद्धा मोजे!"

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं. मी जिवंतच होतो, बत्तीस वेळा. यांनी..."

"आधीचे अकरा कधी दाखवतोस?"

मामा प्रोजेक्टरच्या आडून बाहेर आला. मग भीत भीत, गिऱ्हाइकाला विचारावं तसं, त्याने विचारलं, "ताई, खरं सांग. जिवंत बरा की मेलेला?"

आईने नवा चष्मा नाकावर खाली ओढून त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली. "फक्त पुढच्या वेळी मोजे घालू नकोस. मला पहिल्या रांगेतून दिसायला हवं."