वाटीतून न पडणारे जेल

"बघा मॅडम, थेंब तरी पडला का?" लातूरचे उद्योजक अप्पा जेलची वाटी उलटी धरून विचारत होते. डायरेक्टर सरांनी टाळी वाजवली. एसीच्या गारठ्यात तूपसुद्धा वाटी सोडत नाही, हे मी मनातच ठेवले.

विष्णुपुरीच्या आमच्या लॅबमध्ये मी जेलचे वाहणे मोजते. हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंच्या जाळ्यात अडकवलेले पाणी. जखमेवर त्याने ओल राखावी. जागा मात्र सोडू नये. अप्पांचे जेल जिलेटिनचे होते. मधाचा रंग, बोटाला गार, आणि गुलाबाचा उग्र दर्प. जखमेला अत्तर कशाला, ते अप्पाच जाणोत.

त्यांच्या थोरल्या बहीण आक्का जाहिरातीच्या फोटोसाठी सोबत आल्या होत्या. टाचेवर मधुमेहाची जखम. ती चिघळली तर पाऊल वाचणार नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. तरीही माझा रिपोर्ट मिळताच अप्पा तिच्यावर हेच जेल लावणार होते.

रिओमीटरच्या दोन चकत्यांमध्ये जेल ठेवतात. वरची चकती हलकेच मागेपुढे वळते. ताणल्यावर जेल किती पूर्ववत होते आणि किती वाहते, ते पडद्यावर दोन रेषांत उमटते. वीस अंशांना जेलने छान ताठा दाखवला.

"झालं! सही करा," सर म्हणाले.

"सर, पट्टीखालची टाच वीस अंशांची नसते."

"चाचणीच्या प्रस्तावात वीसच लिहिलंय."

सरांचे विज्ञान प्रस्तावाच्या समासाबाहेर कधी गेलेच नव्हते. मी तापमान चढवले. तिशी ओलांडताच ताठपणाची रेषा वाहण्याच्या रेषेखाली कोसळली. चकतीच्या कडेने जेल पाकासारखे संथ ओघळले.

"मशीन बिघडलं असंल," अप्पा पुटपुटले.

आक्कांनी खुर्चीतूनच मान वळवली. "मशीन न्हाई बिघडलं. आता मी काय टाच फ्रिजात घालून हिंडू?"

"आक्का, तुला त्यातलं काय कळतंय?"

"पाय माझा हाय, एवढं कळतंय. चल, दवाखान्यात सोड मला."

त्या गेल्यावर सर हळूच म्हणाले, "निदान पहिला आलेख तरी वेगळा द्या."

मी दोन्ही आलेख एकावर एक छापले. कात्रीलाही वाव उरला नाही.

आक्कांच्या टाचेवर डॉक्टरांची साधी पट्टीच राहिली आणि पाऊल वाचले. जेल आता डोळ्यांखाली लावायचे सौंदर्यप्रसाधन म्हणून खपते. त्याच्या उद्घाटनात सर 'स्थैर्य' या विषयावर बराच वेळ बोलले.

पदार्थ जिथे नांदणार, तिथल्याच उष्म्यात तो मोजावा. प्रस्तावाला अंगाची ऊब नसते, टाचेला असते.