आमच्या नावाची टाकी

आईला शेगडीपुढे बसवलं तेव्हा पातेलं रिकामं होतं. मळ्याचे मालक तात्या, त्यांच्या घरच्या मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "पाणीसुद्धा टाकू नको. फोटोपुरतं बसायचं अन् उठायचं."

शेगडी त्यांच्या ओट्यावरची. दोन बर्नरची, नवी कोरी. तिची नळी ओढून ओढून मागच्या दाराबाहेर गोठ्याच्या पडवीत आणली होती. आई स्वयंपाकघरात गेली असती तर घर बाटलं असतं. आणि आईशिवाय फोटो निघाला नसता, कारण कागदावर तो गॅस आमच्या घरात होता.

तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "पेटवा." आईने आयुष्यात असली शेगडी पाहिली नव्हती. तात्यांच्या मुलाने काडी लावली. निळा जाळ भप्प करून उठला. आईने दचकून हात मागे घेतला.

"हिला धुराशिवाय जाळ वळखू येत नाय," तात्या म्हणाले.

सगळे हसले. साहेब हसले, गडी हसले, गावातले चार लोक पाहायला आले होते ते हसले. मीही हसले. तिसरीत होते. आईला मी हसले ती तेव्हा पहिल्यांदा.

फोटो झाल्यावर शेगडी राखेने घासली, वर गोमूत्र शिंपडलं आणि आत नेली. पातेलं मात्र आत नेलं नाही. "घेऊन जा," मोठ्या बाई म्हणाल्या. आई खूश झाली. जाड बुडाचं होतं. आमच्या घरी पुढे कित्येक वर्षं त्यातच कालवण शिजलं.

नाशिकपासून एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासावर आमचं गाव. द्राक्षबागा, टोमॅटो, फ्लॉवर. कालव्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची भीमवाडी. बाप तात्यांच्या मळ्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. सरकार त्या काळात घरोघर गोबरगॅस बांधायला अनुदान देत होतं. लाकूडफाटा वाचावा, घरातला धूर जावा, बायकांचे डोळे वाचावेत, असं सांगायचे. आम्हा लोकांना अनुदान थोडं जास्त होतं. त्या जास्तीसाठी तात्यांनी बापाचा अंगठा घेतला. टाकी त्यांच्या मळ्यात, शेण त्यांच्या गाईंचं, गॅस त्यांच्या ओट्यावर. रोज पहाटे शेण कालवून टाकीत ओतायचं काम तेवढं बापाचं.

टाकीवर पिवळा पट्टा मारून निळ्या ऑइलपेंटने बापाचं पूर्ण नाव लिहिलं होतं. वर योजनेचं नाव, खाली आमचं. माझ्या शाळेच्या दाखल्याखेरीज ते नाव मी कुठेच लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी मैत्रिणींना घेऊन गेले दाखवायला. मिरवलं. आज कुणी तेव्हाच्या मला मूर्ख म्हटलं तर मी भांडेन. ज्याचं नाव कुठेच नसतं त्याला ते कुठेही दिसलं तरी बरं वाटतं.

टाकीबरोबर एक पुस्तिका आली होती. 'लाभार्थ्यांसाठी सूचना.' तात्यांनी ती बापाच्या अंगावर टाकली, "घे, पोरीला वाचायला." आमच्या घरातलं ते पहिलं छापील पुस्तक. मी ते पाठ होईस्तोवर वाचलं. रोज किती शेण, किती पाणी, नळीला भोक पडलं तर काय करायचं. शेवटच्या पानावर जाड अक्षरात होतं की टाकीत विषारी वायू असतो. एकट्याने उतरू नये. तोंड उघडून बरेच दिवस हवा खेळू द्यावी. आधी कोंबडी किंवा पक्षी टोपलीतून आत सोडून पाहावा. त्या पानावर एक चित्र होतं. टोपली, दोरी, कोंबडी. मला ते चित्र गमतीचं वाटायचं.

आमची चूल मात्र होती तीच. तीन दगडांची. पत्र्याची खोली, खिडकी नाही. जळणाला बागेतल्या छाटणीच्या काड्या. त्या फुकट मिळायच्या, कारण त्यांच्यावर वर्षभर औषध फवारलेलं असायचं आणि गावातली कुठलीच बाई त्या आपल्या घरात जाळत नसे. त्यांचा धूर कडू. नुसता डोळ्यांत जात नाही, जिभेवर बसतो. आई त्या धुरात भाकऱ्या थापायची आणि खोकायची. आधी सकाळी. मग सकाळ-संध्याकाळ. मी दहावीत गेले तोवर तिच्या एका डोळ्यावर सारा पडून पांढरा पडदा आला होता आणि खोकताना ती भिंत धरायची.

त्या वर्षी आमच्या बाईंनी शाळेत सांगितलं, सरकार बिनधुराची चूल बांधून देतंय, पंचायत समितीत अर्ज करा. मी आईला घेऊन गेले. अर्ज मीच लिहिला होता, रेघा मारून.

कारकुनाने नाव वाचलं, मोठी वही काढली, पानं उलटली.

"तुम्हाला मिळालंय की. गोबरगॅस. एका घराला एकदाच."

मी म्हटलं, "आमच्याकडे गोबरगॅस नाही."

त्याने वही माझ्याकडे फिरवली. बापाचा अंगठा. पुढे 'जनावरे – पाच.' आणि पानाला चिकटवलेला फोटो. त्याने पेनाच्या टोकाने दाखवलं.

"ही तुझी आईच ना?"

आई पुढे झाली. चांगला डोळा फोटोजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हां साहेब. मीच हाय."

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. ती फोटोत होती, म्हणून ती हो म्हणाली.

"साहेब, आमच्याकडं शेळी पण नाय," ती पुढे म्हणाली.

कारकुनाने वही मिटली. आवाज खाली आणला. "मग पाच जनावरं कुणी लिहून दिली? अंगठा कुणाचा आहे? हे बाहेर आलं तर केस तुझ्या नवऱ्यावर होईल बाई. सांभाळून रहा."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला खरं तेच सांगितलं. चोरी तात्यांची, चोर माझा बाप. इतकं साधं होतं ते आणि मला कळायला सात वर्षं लागली.

घरी बापाला सांगितलं. तो म्हणाला, "गप बस. भिंतीला कान असत्यात."

पंधरा दिवसांनी तात्यांच्या ओट्यावरचा जाळ मंदावला. मग विझला. टाकीत शेणाचा थर घट्ट बसला होता. कुणीतरी आत उतरून तो फोडायला हवा होता.

रविवार होता. मी बापाची भाकरी घेऊन मळ्यात गेले. टाकीच्या मागच्या बाजूला माणूस उतरेल एवढं तोंड असतं. त्यावरची फरशी नुकतीच काढली होती. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. कुत्रंसुद्धा लांब उभं होतं. बापाने सदरा काढला होता. कमरेला दोर बांधत होता.

तात्या खाटेवर बसले होते. मजेत होते. "टाकी कुणाच्या नावावर हाय? ह्याच्या. मग मालकानंच साफ करायला पायजे का नाय?"

गडी हसले. तेच हसणं. मी ओळखलं.

मी म्हटलं, "आत विषारी वायू असतो. पुस्तिकेत लिहिलंय. आधी कोंबडी सोडून बघतात."

"मास्तरीणबाई आल्या," तात्या म्हणाले. पण बाप थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. भीती मी त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी पाहिली. त्यालाही थांबायचंच होतं, फक्त कुणीतरी आधी म्हणायला हवं होतं. तो गोठ्यातून एक कोंबडी धरून आला. टोपलीत घातली, वरून जाळी बांधली, दोर सोडला.

आधी फडफड ऐकू आली. एकदा ओरडली. मग काहीच नाही. बापाने घाईने दोर ओढला. कोंबडीची मान टोपलीच्या काठावर लोंबत होती.

मला वाटलं, आता तरी यांना कळेल.

मागच्या दारातून मोठ्या बाई आल्या. कोंबडी उचलून पाहिली. "अंड्यावरची होती. इचारून तरी सोडायची."

तात्या खाटेवरून उठले. "राहू दे तोंड उघडं. रातभर वारा लागंल. उद्या सकाळी उतर."

"व्हय तात्या," बाप म्हणाला.

ते 'व्हय' मला अजून ऐकू येतं. शिव्या मी विसरले. ते नाही विसरले.

दिवेलागणीला घरात भांडण झालं. मी बापाला म्हटलं, "उद्या तू जायचं नाहीस."

"साल सुटंल. मग कुठं जायचं?"

"मी कचेरीत जाऊन सांगते. अंगठा कसा घेतला ते."

"येडी हायेस का? केस माझ्यावरच व्हईल."

"होऊ दे. तुरुंगात माणूस जिवंत असतो."

त्याने हात उगारला. मारलं नाही. तसाच खाली घेतला. आई चुलीपुढे होती. खोकला थांबेपर्यंत थांबली, मग आमच्याकडे न पाहता म्हणाली, "त्यांच्या सांगण्यावरनं मी एकदा बसले. तुमी उतरू नका."

आई त्या फोटोविषयी बोलली ते तेवढंच. तिला सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. मीच हसले होते.

सकाळी बाप मळ्यात गेला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. ऊन वर आलं तसा मळ्यातला एक गडी बोलवायला आला. बाप दारात उभा राहिला. म्हणाला, "येणार नाय." शब्द सरळ आले. मला इतका अभिमान वाटला की रडू आलं.

गडी वळला. जाता जाता सहज बोलून गेला, "नाय तर नाय. सुरगाण्याकडची माणसं आल्यात बागेच्या कामाला. त्यातल्या एकाला उतरवत्यात. त्यांना काय कळतंय?"

ती डोंगराकडची आदिवासी माणसं मी पाहिली होती. जीप भरून आली होती. मळ्याच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद ताणून राहत होती. त्यांतल्या एका तरुणाची बायको आमच्याच हापशावर पाण्याला यायची. पोटुशी होती.

खरं सांगते. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आपला माणूस वाचला. भाकरीचा तुकडाही मोडला मी. लपवत नाही.

तो घास गिळला नाही. फोटोच्या दिवशी सगळे का हसले ते मला तिथे, चुलीपाशी बसून कळलं. त्यांना आई वेडी वाटली म्हणून नव्हते हसले. आपल्यावर आलं नाही, म्हणून हसले. तेच माझ्या पोटात चाललं होतं. आपल्या बापाला वाचवून दुसऱ्याच्या नवऱ्याला पुढे करायचं असेल, तर मग तात्यांत आणि माझ्यात फरक तो काय? फक्त मळ्याचा.

मी पळत सुटले. आई मागून हाक मारत होती.

पोचले तेव्हा दोर त्या तरुणाच्या कमरेला बांधून झाला होता. तो तोंडाच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. मी त्याचा दंड धरून मागे ओढला. तो चिडला. मग माझं तोंड पाहून घाबरला.

"काय हाय आत?" त्याने विचारलं.

"काल कोंबडी सोडली होती. मेली."

त्याने तात्यांकडे पाहिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ना तात्यांनी, ना त्या हसणाऱ्या गड्यांनी. त्याने पाय बाहेर काढले आणि गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट होती, त्याची बोटं चालत नव्हती. मी सोडून दिली. तो आपल्या माणसांकडे चालत गेला. पळाला नाही.

मग मी फरशी ढकलत ढकलत तोंडावर सरकवली आणि तिच्यावर बसले.

पुढचं सांगून टाकते. बापाचं साल गेलं. आम्ही नाशकात आलो, बाप इमारतींच्या कामावर विटा वाहू लागला. मी सगळं लिहून कचेरीत दिलं, अंगठ्यासकट, तारखेसकट. उत्तर आलं नाही. चौकशी आली, ती बापाचीच. आईचा दुसरा डोळाही गेला. यातल्या कशाचा मला पश्चात्ताप नाही. एवढंच कळलं की कुणाच्या खड्ड्यात कुणी उतरायचं हे कायम दुसरेच ठरवतात, आणि ते ठरवणं मोडायचं तर खड्ड्यापाशीच बसावं लागतं. घरी बसून मोडत नाही.

त्या सकाळी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. फरशी खालून गार होती. फटीतून वास येत होता. डोकं जड होत होतं. तात्या जवळ आले. मी उठून उभी राहीन असं त्यांना वाटलं असावं, कारण आमच्यातलं कुणी त्यांच्यापुढे बसत नसे. मी उठले नाही.

"ऊठ."

मी फरशीचा काठ धरला.

"गॅस बंद हाय घरात. ऊठ म्हंतो ना."

मी म्हटलं, "ज्याच्या घरात गॅस जातो त्याने उतरावं."

त्यांच्या मागे गडी उभे होते. त्यांच्या मागे सुरगाण्याची माणसं. आज कुणी हसत नव्हतं.

"किती दिस बसशील?" तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही उतरेपर्यंत."