रशिदाने घडवलेली माय

शहाद्यात भाजीबाजाराच्या मागे रशिदाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर निघतात, त्यामुळे तिच्याकडे येतात ते पासपोर्ट फोटोवाले आणि गेलेल्या माणसांचे नातेवाईक. फाटक्या फोटोतल्या आजोबांना कान जोडायचा, अंगात कोट चढवायचा, ही तिची खासियत.

एका सोमवारी भिला पाटील आला. साठी उलटलेला शेतकरी, चेहऱ्यावर संकोच.

"ताई, मन्ही मायना एक बी फोटो नही शे. नुसतं सांगीसन बी फोटो निघस म्हणे आते."

आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तो सांगत गेला, रशिदा फोनवरच्या चित्र काढणाऱ्या ॲपमध्ये लिहीत गेली: रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण, डोक्यावर पदर. मिनिटभरात बाई तयार. गोरी, गुळगुळीत, भुवया कोरलेल्या.

भिला बघत राहिला. "हाई मन्ही माय नही. हाई ते टीव्हीवरनी बाई शे."

रशिदाने सुरकुत्या घातल्या, रंग उतरवला. बाई म्हातारी झाली, पण टीव्हीवरचीच राहिली. शेवटी तिने फोन बाजूला ठेवला. "भिलाभाऊ, आईसारखं घरात कोण दिसतं?"

दुसऱ्या दिवशी तो प्रकाशा गावाहून बहिणीला, निर्मलाबाईला घेऊन आला. कॅमेऱ्यासमोर ती खांबासारखी ताठ बसली. मग भावाची चप्पल चिखलाने भरलेली दिसली आणि तिने त्याला तिथेच झापायला सुरुवात केली.

"अशीच," भिला हळूच म्हणाला. रशिदाने बटण दाबले.

त्या फोटोवर तिने दोन दिवस काम केले. हनुवटीवर गोंदण रेखले, निर्मलाबाईचा चष्मा खोडला. ॲप दरवेळी चेहरा उजळ करायचे, ती दरवेळी मूळ सावळा रंग परत आणायची. फ्रेमच्या मागे तिने पेनाने लिहिले: चेहरा मुलीचा, नातवंडांनी फसू नये. भिलाने फ्रेम छातीशी धरली.

घरी फोटो भिंतीवर लागला. मायला पाहिलेली शेजारची म्हातारी कमलीबाई फोटो दिसताच दारातूनच हात जोडून आत आली. भिला हार घालायला स्टुलावर चढला, तशी निर्मलाबाई उठली.

"मी आजून जित्ती शे, आन् तू मन्हा फोटोले हार घालशी का?"

"हाई तू नही, माय शे."

"नाक मन्हंच शे ना?"

निर्मलाबाईने फोटोकडे नीट पाहिले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "उदबत्ती लाव. हार नको."