इंदूचे गाल

इंदू गेल्याची बातमी मोबाइलवर आली ती श्रद्धांजलीच्या चित्रासकट. खाली तिचं नाव, वर निमुळत्या हनुवटीच्या एका गोऱ्या बाईचा चेहरा. नाव बरोबर, बाई चुकीची. घाईत दुसऱ्याच कुणाचा फोटो लागला असेल, अशी स्वतःची समजूत घालत मी सांगलीहून उंब्रजला निघालो... पोहोचलो तर चौकात तीच बाई फ्लेक्सवर दहा फुटांची होऊन उभी. खाली 'शोकाकुल' म्हणून अकरा पुढारी, त्यातले दोघं कानाला मोबाइल लावून.

इंदू माझी मामेबहीण. उंब्रजला तिचं ब्युटी पार्लर होतं, तीसेक वर्षं चाललेलं. गाल मामासारखे भरलेले, आणि मुलगी प्राजक्ता हिचेही तसेच. गाल कमी करून मागणाऱ्या मुलींसाठी इंदूची एक पद्धत होती. खुर्चीत बसवण्याआधी ती त्यांना स्वतःच्या आईचा तरुणपणचा फोटो आणायला लावायची. त्यात तेच गाल दिसले की निकाल लागला. "हे घरचं हाय बाई. वय वाढंल तसं जरा उतरंल. तवर जेवणात पापड-लोणचं कमी कर, झोप नीट घे, केस बाजूनं मोकळे सोड." कुणी मसाजचा हट्ट धरलाच तर म्हणायची, "करते की. दोन तास टिकतंय. लगीन तेवढ्यात उरकणार असंल तर बस."

आईच्या फोटोत गाल नसले, सूज नवी असली, की मात्र चेष्टा बंद. एका मुलीचा पाय तिनं अंगठ्यानं दाबून पाहिला, खळगा तसाच राहिला. तिला तशीच उठवून थेट डॉक्टरकडे घेऊन गेली. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, वेळेत निघालं. दिवाळीला त्या घरून इंदूकडे डबा यायचा.

तिचं ऐकलं नाही ते फक्त घरात. स्थळं बघायला सुरुवात झाली आणि प्राजक्तानं गालातली चरबी काढून घ्यायला पुण्याच्या डॉक्टरची वेळ घेतली. मी समोरच बसलो होतो.

"काढलेलं परत बसत न्हाई, प्राजू," इंदू म्हणाली.

"लोकाच्या पोरींना शिकवतीस. मग फोटो काढताना तू मान का वळवतीस गं?"

इंदू माझ्याकडे बघून कसंनुसं हसली आणि चहा ठेवायला आत गेली. पुढच्याच महिन्यात हृदयविकारानं ती गेली.

सावडण्याचा विधी उरकला आणि प्राजक्ता मला घेऊन फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिरली.

"ही माझी आई न्हाई."

"आवं ताई, गाल जरा आत घेतलेत. समद्यांचंच घेतो. गेलेलं माणूस चांगलं दिसाय नगं व्हय?"

"भाईर काढ परत."

तो बिचारा तिच्या मोबाइलमधले फोटो शोधू लागला. समोरून काढलेला फोटो एकच, त्यानं चित्रासाठी वापरलेला ओळखपत्रावरचा, तोही इतका धुरकट की गालांची कड दिसेना. बाकी प्रत्येक फोटोत इंदू मान वळवून, अर्धा चेहरा पदराआड किंवा कुणाच्या तरी खांद्यामागे. प्राजक्ता एकेक फोटो बघत होती. आईला टोमणा मारणं सोपं होतं, हे बघणं नव्हतं...

"मग तुमीच बसा समोर," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघून लावतो."

ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली. तासभर तो एकदा तिच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिला.

"डावा जरा लय हाय तुमचा."

"आईचाबी होता."

पडद्यावरची परकी बाई हळूहळू भरत गेली, आणि एका क्षणी ती इंदू झाली. समोर बघणारी, मान सरळ. फ्लेक्सवाल्यानंच माऊस सोडला. "आता वळखू आल्या," म्हणाला.

प्राजक्तानं तिथंच स्टुलावर बसून पुण्याला फोन लावला आणि घेतलेली वेळ रद्द करायला सांगितली. पलीकडून कारण विचारलं असावं.

"सध्या लागतायत मला," ती म्हणाली.