मांडवाच्या दारातलं हसू

कुरुंद्याच्या बौद्धवाड्यात लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या दारात स्वागताला रत्नपाल पाहिजेच. "जय भीम, या या! लई दिसानं आलात! वाटंत तकलीफ तर न्हाई झाली?" असं म्हणत तो पाहुण्याचे दोन्ही हात हातात घ्यायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि खळखळून हसायचा. रुसलेले व्याहीसुद्धा त्या हसण्यानं विरघळायचे. बाया करुणाला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई. कसला बोलका नवरा!"

करुणा मान डोलवायची. तिच्या वाट्याचा रत्नपाल घरात पाऊल टाकताच मुका व्हायचा. सदरा खुंटीला टांगून भिंतीकडे तोंड करायचा आणि हळकुंडं निवडत बसायचा. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. विकताना सगळी एकाच पोत्यात जाणार, तरी याचं निवडणं चालूच. भांडं पडलं की कान झाकायचा. काय झालं विचारलं, तर "काई न्हाई." गावभर साखर वाटून आलेला माणूस घरच्या बाईला चिमूटभर देत नाही, हे तिच्या जिव्हारी लागायचं. आधी वाटलं, आपण पसंत नाही. मग वाटलं, वसमतला कुणीतरी आहे.

शहरातले डॉक्टर याला स्वमग्नता म्हणतात म्हणे. कुरुंद्यात त्या काळी घुम्या हा एकच शब्द होता आणि मांडवातल्या रत्नपालला तो कोण लावणार?

शेवटी २००१ साली करुणा आखाडा बाळापूरला माहेरी निघून गेली. मी नांदणार नाही, म्हणाली. तिचा बाप रामजी तिला घेऊन एसटीनं परत आला, चार शहाणी माणसं बसवली. रत्नपालनं दारातच सगळ्यांचे हात धरले, तकलीफ विचारली, हसला. विषय निघायच्या आधीच निम्मी बैठक जावयाच्या बाजूनं झाली. तरी रामजीनं लेकीच्या समाधानासाठी निवाडा दिलाच. "जावईबापू, बाहेर जसं बोलता तसंच घरात बोलत जा. बास."

"व्हय, मामा," रत्नपाल म्हणाला. आणि तो दिलेला शब्द अक्षरशः पाळणारा माणूस होता, हीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी करुणा शेतातून आली, तर हा उंबऱ्यात उभा. "जय भीम, या या! लई दिसानं आलात!" दोन्ही हात हातात, मान तिरकी, खळखळून हसू. तिला वाटलं, थट्टा करतोय. जेवताना पुन्हा तेच. सकाळी पाणी भरून आली, पुन्हा तेच. इतकी वर्षं जे मागितलं ते असं पदरात पडलं आणि तिच्या अंगावर काटा आला. मान दर वेळी त्याच बाजूला कलायची, हसू त्याच जागी थांबायचं. नजर तिच्या डोक्यावरून चौकटीवर खिळलेली आणि हात गार पडलेले.

"अवो, हे हसणं कुठून आणलं?"

"थोरल्या काकाचं हाय. शाळंत पोरं घुम्या म्हणून मारायची. मग काकाला पाहून पाठ केलं."

"अन् तुमाला तकलीफ?"

"लई व्हते," तो म्हणाला. पहिल्यांदाच न हसता. "घरी आलो की सोडून द्यायचो. तुझ्यापशी काय भ्यायचं?"

ज्याला अपमान समजून करुणानं पदर भिजवला, तो सगळ्या गावात फक्त तिला मिळालेला मान होता. आणि असलं काही बायकोला सांगायचं असतं, हे त्या बाबाला कुणी पाठ करून दिलं नव्हतं! तिला रडू आलं, रागही आला.

"माझ्यासमोर पुन्हा हसलात तर बघा," ती म्हणाली. "बसा तिकडं तोंड करून. आन् मलाबी जागा द्या."

ती शेजारी बसून हळकुंडं निवडू लागली. एक लांब तिनं आखुडांत टाकलं. त्यानं न बोलता उचलून जागेवर ठेवलं.

त्यानंतर रत्नपाल मांडवाच्या दारात उभा राहिला नाही. करुणानंच राहू दिलं नाही. वाड्यातल्या बाया अजून हळहळतात, "कसला बोलका माणूस व्हता! बायकोनं पार मुका करून टाकला."

"व्हय," करुणा म्हणते. "म्याच केला."